बोलके यंत्र आणि दिलेला शब्द



वाटाघाटीच्या टेबलाशी ज्यांची हयात गेली, त्यांनी संगणकाच्या संभाषणावर बोलावे हे वरवर पाहता विसंगत वाटेल. हा विषय गणितज्ञांचा आणि अभियंत्यांचा. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने त्यात कशाला पडावे, असे काहींच्या मनात आले असेल. आमचे उत्तर साधे आहे. बोलणे हाच आमचा धंदा. गेली तीस वर्षे आम्ही मालकांशी बोललो, कामगारांशी बोललो, सरकारी अधिकाऱ्यांशी बोललो. एवढ्या बोलण्यातून एक गोष्ट पक्की शिकलो, ती ही की वाक्ये किती गोड होती याला शेवटी फारशी किंमत नसते. कोण कशाला बांधला गेला, याला असते. आज बँकेत, विमा कंपनीत, वीजबिलाच्या तक्रारीत, प्रवासाच्या आरक्षणात माणसाच्या जागी यंत्र बोलू लागले आहे. तेव्हा 'हे यंत्र बोलते खरे, पण बोलल्याने बांधले जाते काय?' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हांला आहे, आणि आपणां सर्वांनाही आहे.

यंत्राला बोलायला शिकवण्याचे दोन मार्ग आहेत. एक नियमांचा : संभाषणाचे शास्त्र लिहून काढायचे आणि यंत्राला त्याप्रमाणे वागवायचे. दुसरा सरावाचा : माणसांची लक्षावधी बोलणी यंत्रापुढे ठेवायची आणि त्यातून त्याचे त्याला शिकू द्यायचे. पहिल्याला संभाषणाची आकारिक प्रारूपे म्हणतात, दुसऱ्याला मशीन लर्निंग. या दोहोंची सांगड कशी घालतात, ती का घालावी लागते, आणि सांधा कच्चा राहिला तर काय होते, हे आज पाहावयाचे आहे. आम्ही या विद्येचे पदवीधर नव्हे. रात्री दिव्याखाली वाचून जे उमगले तेवढेच मांडतो.

बोलणे हे कृत्य आहे

आरंभ यंत्रापासून नको, माणसापासून करू. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात काही व्याख्याने दिली. त्यांच्या निधनानंतर १९६२ साली ती पुस्तकरूपाने निघाली. त्यांचे म्हणणे असे, की बोलणे म्हणजे केवळ जगाचे वर्णन नव्हे. बोलणे हे एक कृत्य आहे. 'मी वचन देतो' असे कोणी म्हटले, तर तो कशाची बातमी सांगत नाही. तो तिथल्या तिथे वचन देत असतो. आपल्या मराठीला हे कोणी शिकवावे लागले नाही. आपण 'शब्द देतो', 'शब्द फिरवतो', 'शब्दाला जागतो'. शब्द ही देण्याघेण्याची वस्तू आहे, हे भाषेतच मुरलेले आहे.

याला हिशेबाचे रूप दिले ते ऑस्ट्रेलियाचे तर्कशास्त्री चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी. हे गृहस्थ संगणकाच्या आरंभीच्या काळापासून त्याही कामात होते. १९७० साली त्यांनी तर्कदोषांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात एक कल्पना मांडली. वाद करणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर एक खाते धरा. तो जे विधान करील ते त्याच्या खात्यावर जमा; मागे घेतले की वजा. दुसऱ्याने 'का?' असे विचारले, की पहिल्याने कारण तरी द्यावे, नाहीतर विधान मागे तरी घ्यावे. मनात काय आहे याच्याशी या खात्याला कर्तव्य नाही. उघड काय बोलले गेले एवढेच त्यात येते. त्यांच्या एका नियमाची आम्हांला फार गंमत वाटली : एकाने विधान केले आणि दुसऱ्याने लागलीच हरकत घेतली नाही, तर ते दोघांच्याही खात्यावर पडते. बैठकीच्या इतिवृत्तावर वेळेत हरकत न घेतल्याने बांधला गेलेला एखादा तरी कार्यकर्ता प्रत्येक संघटनेत सापडेल. हॅम्ब्लिन यांनी तीच गोष्ट सूत्रात बसवली.

पुढे १९९५ साली डग्लस वॉल्टन आणि एरिक क्रॅबे या दोघांनी संभाषणाच्या जाती सांगितल्या : मन वळवणे, सत्याचा शोध घेणे, वाटाघाट करणे, माहिती मिळवणे, काय करावे याचा विचारविनिमय करणे, आणि निव्वळ भांडण. प्रत्येक जातीचे नियम निराळे. माहिती विचारायला आलेल्या माणसाला खरी माहिती मिळाली पाहिजे. वाटाघाटीत मात्र आपली शेवटची रक्कम प्रथम सांगण्याचे बंधन कोणावर नसते. घोटाळा होतो तो एक जात गुपचूप दुसरीत शिरते तेव्हा. खिडकीवरचा माणूस माहिती देतो आहे असे आपण समजतो, आणि तो वास्तविक काहीतरी विकत असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्राच्या बाबतीत ती पुन्हा लागणार आहे.

नियमांची यंत्रे

यंत्राशी बोलण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग १९६६ सालचा. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम केला. तो मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करी. वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि वाक्य उलटे करून प्रश्नरूपाने परत द्यायचे, एवढीच त्याची युक्ती. 'माझे आईशी पटत नाही' म्हटले, की 'तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा' असे काहीतरी तो म्हणे. त्याला खाते नव्हते, वही नव्हती. तरीही लोक त्याच्यापुढे मन मोकळे करू लागले, आणि याचा धक्का स्वतः वायझेनबॉम यांनाच बसला. १९७६ साली त्यांनी, कोणती कामे यंत्राकडे मुळी सोपवूच नयेत, या विषयावर पुस्तक लिहिले. समोरचा बोलतो म्हणजे त्याला कळते, असे मानण्याची माणसाची खोड किती जुनी आहे, हे तेव्हाच दिसून आले.

कामाचे म्हणावे असे यंत्र १९७७ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात झाले. 'गस' असे त्याचे नाव. ते विमानप्रवासाची जुळणी करी. त्याच्या पोटात एक फॉर्म होता : कोठून, कोठे, कोणत्या दिवशी, किती वाजता. प्रवासी बोले तसतशा रिकाम्या जागा भरत. जी रिकामी राही तिच्याविषयी यंत्र विचारी. हीच पद्धत पुढे अनेक वर्षे चालली, आणि 'मराठीसाठी एक दाबा' म्हणणारा टेलिफोन हा त्याच घराण्यातला गरीब नातेवाईक होय.

नियमाच्या यंत्राचा गुण असा, की ते आपल्या मर्यादेबाहेर जात नाही. त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट कोणीतरी माणसाने आधी लिहून ठेवलेली असते. दोष असा, की माणसे फॉर्मसारखी बोलत नाहीत. समजा, आपण एस. टी.च्या आरक्षणासाठी अशा यंत्राला म्हणालात, 'परवा सकाळी कोल्हापूरला जायचंय, आम्ही दोघं अन् एक अर्धं.' आता 'परवा' हा शब्दच दुतोंडी. तो मागेही जातो, पुढेही जातो, आणि कोणीकडे ते पुढच्या क्रियापदावरून कळते. 'अर्धं' म्हणजे अर्धे तिकीट, म्हणजे बारोबर लहान मूल आहे, हे त्या वाक्यात कोठेच नाही. असा एकेक बारकावा नियमात लिहीत बसावे, तर लिहिणाऱ्याची पिढी संपेल, आणि तोवर लोक निराळे बोलू लागलेले असतील.

सरावाची यंत्रे

म्हणून दुसरा मार्ग आला. कारखान्यात नवा आलेला उमेदवार जुन्या कारागिराच्या हाताकडे पाहून शिकतो. 'असे का केलेस?' विचारले तर त्याला सांगता येत नाही, पण हात बरोबर चालतो. सरावाच्या यंत्राचे तसेच आहे. त्याला प्रचंड मजकूर दाखवतात, वाक्याचा अलीकडचा भाग देऊन पुढचा शब्द ओळखायला लावतात, आणि चूक झाली की त्याच्या आतल्या असंख्य आकड्यांना किंचित पिळा देतात. कोट्यवधी वेळा असे केले, की कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचा त्याला विलक्षण अंदाज येतो. 'परवा' कोणत्या बाजूचा, हे मग त्याला कोणी सांगावे लागत नाही.

२०१५ साली गूगलचे संशोधक ओरिओल विन्याल्स आणि क्वॉक ले यांनी चित्रपटांतील संवादांवर असे एक यंत्र वाढवले. ते सहज बोले. पण त्यांनीच नमूद करून ठेवले आहे, की 'तुझी नोकरी काय?' विचारले तेव्हा ते म्हणाले वकील, आणि 'तू काय करतोस?' असे शब्द बदलून विचारले तेव्हा म्हणाले डॉक्टर. हॅम्ब्लिन यांची वही समोर धरून हे पाहावे. पहिले उत्तर खात्यावर जमाच झालेले नाही, मग दुसरे त्याच्या विरुद्ध आहे हे कळावे कसे? यंत्र खोटे बोलले असे म्हणणेही चूक. खोटे बोलणाऱ्याला निदान आपण आधी काय बोललो याची आठवण ठेवावी लागते.

२०१७ साली 'ट्रान्सफॉर्मर' या नावाची नवी रचना आली. त्या रचनेवर उभे असलेले चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे आले, आणि तेथून पुढची हकीकत आपण जाणताच. ही यंत्रे फार मोठी आहेत, मराठीही बोलतात, आधीचे संभाषण डोळ्यांपुढे ठेवून बोलतात, त्यामुळे वकील-डॉक्टर असा ढोबळ गोंधळ पुष्कळ कमी झाला. परंतु मूळ स्वभाव तोच. आधी झालेले बोलणे त्यांच्यापुढे शब्द म्हणून असते. त्यातले बोलण्याच्या ओघात आलेले कोणते आणि बंधनकारक कोणते, याची वेगळी नोंद त्या रचनेत आपोआप होत नाही. शोभेल ते वाक्य आणि खरे असलेले वाक्य ही बहुधा एकच असतात, म्हणून यंत्र उपयोगी पडते. ती जेव्हा वेगळी असतात, तेव्हाही यंत्राचा आवाज तितकाच ठाम असतो. धोका येथे आहे.

दोहोंची सांगड

एकाला शिस्त आहे पण कान नाही. दुसऱ्याला कान आणि जीभ आहे पण वही नाही. सांगड घालण्याचा विचार यातूनच आला. त्याची आजची ठोकळ रचना चार जागांत सांगता येईल : कान, वही, नियम आणि जीभ.

कान सरावाचा. आपण कसेही बोला, त्यातून हेतू काय आणि तपशील काय, ते शिकलेले यंत्र वेचून काढते. वही ही आकारिक प्रारूपाची. आतापर्यंत काय ठरले, काय मागे घेतले, काय विचारायचे राहिले, हे तीत रकान्यांनी लिहिलेले असते. नियम माणसाने लिहिलेले : वहीची अमुक स्थिती असेल तर काय करता येते आणि काय कदापि करता येत नाही. आणि शेवटी जीभ, म्हणजे ठरलेले पाऊल चांगल्या भाषेत सांगणे, हे पुन्हा सरावाच्या यंत्राकडे. मात्र भाडे, तारीख, आसनक्रमांक हे जिभेने बनवायचे नाहीत. ते वहीतून उचलून वाक्यात घालायचे, आणि वाक्य तयार झाल्यावर वहीशी पुन्हा ताडून पाहायचे.

आपले कोल्हापूरचे तिकीट या चार जागांतून नेऊन पाहू. कानाने वेचले : ठिकाण कोल्हापूर, दिवस परवा, वेळ सकाळ, दोन पूर्ण, एक अर्धे. वहीत ते लिहिले गेले. इतक्यात प्रवासी म्हणतो, 'नको, सकाळची नको, रात्रीची बघा.' नुसत्या नियमाचे यंत्र येथे गांगरेल, कारण त्याने काही विचारलेलेच नव्हते. येथे कान ओळखतो की ही दुरुस्ती आहे. वहीत फक्त वेळेचा रकाना खोडला जातो, बाकीचे जसेच्या तसे राहतात. पण एक पेच उरतो. रात्रीची म्हणजे परवा रात्री निघणारी, की परवा सकाळी कोल्हापुरात पोचवणारी उद्या रात्रीची? दोन्ही अर्थ संभवतात. चांगली रचना असेल तर वहीत एकच अर्थ ठोकून लिहीत नाहीत. एकाचा संभव इतका, दुसऱ्याचा इतका, असे दोन्ही लिहून ठेवतात. आणि नियम सांगतो, की पैसे कापले जाणार असतील तर शंका शिल्लक ठेवून पुढे जायचे नाही. मग जीभ विचारते, 'उद्या रात्री निघून परवा सकाळी पोचायचे, की परवा रात्री निघायचे?' चांगला आरक्षण-कारकून नेमके हेच विचारील.

ही वाट एका दिवसात सापडलेली नाही. २००० सालच्या सुमारास एस्थर लेविन, रॉबर्टो पिएराचिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संभाषणाकडे बुद्धिबळासारखे पाहिले : प्रत्येक वेळी एक चाल, आणि शेवटी बक्षीस, कोणती चाल बरी ते यंत्राने खेळून शिकावे. केंब्रिजचे स्टीव्ह यंग आणि त्यांच्या मंडळींनी त्यात शंकेचे गणित घातले. वहीत एकाच उत्तराऐवजी संभवांची विभागणी ठेवणे हे त्यांनी पद्धतशीर केले. २०१७ साली मायक्रोसॉफ्टच्या जेसन विल्यम्स प्रभृतींनी जी रचना प्रसिद्ध केली, ती आम्हांला विशेष बोलकी वाटते. तीत पुढचे पाऊल शिकलेले यंत्रच सुचवते, परंतु माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम काही पर्यायांवर झाकण घालू शकतो. कोणाचा क्रमांक हे ठरलेले नसेल, तर 'फोन लाव' ही क्रिया निवडताच येत नाही, यंत्राला कितीही मोह झाला तरी. शिवाय जे नियमाने सांगता येते ते पुन्हा सरावाने शिकवावे लागत नाही, म्हणून थोड्या उदाहरणांत काम भागते. उमेदवाराला हात मोकळा दिला, पण यंत्राच्या धोक्याच्या भागावर जाळी बसवली, असाच हा प्रकार.

सांगडीने सर्व दुखणी बरी होतात असे मात्र कोणी समजू नये. कानाने चुकीचे ऐकले, तर वहीत चुकीचेच लिहिले जाईल, आणि वही मोठ्या शिस्तीने ती चूक जपून ठेवील. म्हणून बांधले जाण्यापूर्वी वही वाचून दाखवणे हा या रचनेचा प्राण आहे. करारावर सही करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचतात, ते काही शोभेसाठी नव्हे.

वही कोणी लिहिली, बक्षीस कोणी ठरवले

येथे आमच्या धंद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट शिकवणाऱ्यांची. सरावासाठी संभाषणे लागतात. ती येतात कोठून? या क्षेत्रात फार वापरला जाणारा एक संग्रह 'मल्टीवॉझ' नावाने २०१८ साली केंब्रिजच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात हॉटेल, उपाहारगृह, रेल्वे, टॅक्सी अशा विषयांवरची दहा हजारांच्या आसपास संभाषणे आहेत. त्यात एक माणूस प्रवासी झाला आणि दुसरा माणूस यंत्र झाला. होय, यंत्राची भूमिका माणसानेच केली, आणि त्याच्या बोलण्यावरून यंत्र शिकले. हे काम इंटरनेटवरून तुकड्यातुकड्याने देऊन करून घेतलेले होते. प्रत्येक फेरीनंतर वहीत काय लिहावयास हवे, याच्या नोंदीही अशाच झाल्या. पुढच्याच वर्षी, २०१९ साली, त्या नोंदी तपासून दुरुस्त आवृत्ती काढली, तेव्हा चाळीस टक्के फेऱ्यांतल्या नोंदींत बदल करावे लागले. यात त्या अनाम कामगारांना दोष देण्यासारखे काही नाही. संभाषणाची वही लिहिणे हे कसबाचे काम आहे, हमाली नव्हे, एवढेच यातून दिसते. ज्यांनी वीस वर्षे खिडकीवर बसून लोकांचे ऐकले, त्या कारकुनाला, वाहकाला, परिचारिकेला ते कसब आहे. आणि नियम लिहिताना नेमके त्यांनाच विचारले जात नाही.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. खेळून शिकणाऱ्या यंत्राला गुण द्यावे लागतात. केंब्रिजकडच्या प्रयोगांत नेहमीचा ठोकताळा असा : संभाषणाच्या प्रत्येक फेरीला एक गुण वजा, आणि काम फत्ते झाले की वीस गुण जमा. प्रयोगासाठी तो रास्तच आहे. पण कामगाराच्या कानाला यात ओळखीचा सूर लागतो. हा तुकडादर आहे. तुकडादर जसा लावाल तसा माल निघतो, हे कारखान्यात कोणालाही विचारावे. उद्या एखाद्या कंपनीने 'काम फत्ते' याचा अर्थ 'ग्राहकाने तक्रार न नोंदवता संभाषण संपवले' असा लावला, तर यंत्र माणसाला गोडीगुलाबीने बाहेर घालवायला शिकेल. माहिती देण्याचे संभाषण गुपचूप मन वळवण्याचे होईल. यात यंत्राचा कपटीपणा काही नाही. दर ठरवणाराने जे मागितले ते त्याने दिले.

दोन दाखले

आता सांधा कच्चा राहिला तर काय होते, याचे दोन दाखले घेऊ. दोन्ही परदेशातले, दोन्ही जाहीर झालेले.

पहिला अमेरिकेतला. खाण्याच्या विकारांनी ग्रासलेल्या रुग्णांसाठी काम करणारी नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन ही संस्था वीस वर्षांहून अधिक काळ एक मदतवाहिनी चालवीत होती. पगारी सेवक मोजके, आणि मदतीला स्वयंसेवक. २०२३ च्या मार्चमध्ये तेथील कर्मचाऱ्यांनी मतदानाने आपली संघटना स्थापन केली. त्यानंतर लवकरच त्यांना सांगण्यात आले की मदतवाहिनी बंद होणार. संस्थेजवळ 'टेसा' नावाचा एक बोलका प्रोग्रॅम होता. तो मदतवाहिनीची जागा घेणारा नव्हे, असे संस्थेचे म्हणणे होते, पण माणसे जाणार आणि यंत्र राहणार, हे सर्वांना दिसत होते. मे महिन्याच्या अखेरीस उघड झाले, की टेसा लोकांना उष्मांक कमी करण्याचा आणि दर आठवड्याला वजन करण्याचा सल्ला देत होती. ज्यांचा आजारच उपाशी राहण्याचा, त्यांना हा सल्ला! टेसा लागलीच बंद करावी लागली.

ही टेसा मुळात संशोधकांनी नियमांवर बांधलेली होती. ठरलेल्या उत्तरांच्या बाहेर तिने जाऊ नये, हीच तिची रचना. परंतु ती चालवणाऱ्या कंपनीने पुढे एका सुधारणेच्या वेळी तिला स्वतः वाक्ये रचणाऱ्या यंत्राची जोड दिली, आणि मूळ संशोधकांना त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे येथेही दोन मार्गांची सांगड झाली होती. पण जिभेवरची जाळी काढून टाकून झाली होती, आणि ती काढली हे कोणाला कळवले नव्हते. आपल्याकडे औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने कलम ९-अ आले. कामाच्या ठरावीक अटींत बदल करावयाचा असेल, तर मालकाने एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी, असे ते कलम सांगे. बदल करूच नये, असे ते म्हणत नव्हते. अंधारात करू नये, असे म्हणत होते. आजारी माणसाशी बोलणाऱ्या यंत्राचा स्वभाव बदलायला मात्र कोणालाच नोटीस लागली नाही.

दुसरा दाखला कॅनडातला. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका गृहस्थाची आजी वारली. त्याला व्हँकूव्हरहून टोरांटोला जायचे होते. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राने त्याला सांगितले, की शोकप्रसंगी मिळणारी सवलत तिकीट काढल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज करून मागता येईल. त्याने पूर्ण भाड्याने तिकिटे काढली, जाऊन आला, आणि अर्ज केला. कंपनीने नकार दिला. प्रवास झाल्यावर सवलत नाही, असा नियम संकेतस्थळावरच दुसऱ्या पानावर होता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातील लवादापुढे गेले. तेथे कंपनीच्या बाजूने मांडलेला मुद्दा असा, की यंत्राने दिलेल्या माहितीला कंपनी जबाबदार धरता येणार नाही. लवादाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल देताना म्हटले, की याचा अर्थ यंत्र हे जणू स्वतःच्या कृत्यांना स्वतः जबाबदार असलेली निराळी कायदेशीर व्यक्ती आहे असा होतो. तो मुद्दा लवादाने फेटाळला, यंत्र हा कंपनीच्या संकेतस्थळाचाच भाग आहे असे ठरवले, आणि ६५० डॉलर ८८ सेंट भरपाई, शिवाय व्याज व खर्च देवविला.

रक्कम लहान, पण तत्त्व मोठे. ते यंत्र नियमाचे होते की सरावाचे, याने निकालात फरक पडला नाही. ते कंपनीच्या खिडकीवर बसून बोलले, तेव्हा ते कंपनीच्या खात्यावर पडले. हॅम्ब्लिन यांची वही लवादाने आपल्या परीने वाचली असेच म्हणावयाचे.

आपण काय मागावे

यंत्राला विरोध करा, असा उपदेश आम्ही करीत नाही. ज्याला लिहिता येत नाही, फॉर्म भरता येत नाही, किंवा ज्याला प्रमाणभाषा बोलण्याचा संकोच वाटतो, अशा माणसाचे बोलणे समजून घेणारा कान ही मोठीच सोय आहे. कित्येक खिडक्यांवरचा माणूसही इतक्या धीराने ऐकत नाही, हे कबूल केले पाहिजे. आमचे मागणे रचनेविषयी आहे.

पहिले मागणे : पैसा, हक्क किंवा प्रकृती यांचा संबंध येईल तेथे यंत्राने आपल्याला काय समजले ते वाचून दाखवावे, आणि होकार घेऊनच पुढे जावे. दुसरे : जे ठरले त्याची नोंद ग्राहकाच्या हातात पडावी, वही एकट्या कंपनीकडे राहू नये. तिसरे : समोर यंत्र आहे हे आरंभीच सांगावे, आणि माणसापर्यंत जाण्याचा रस्ता उघडा ठेवावा. चौथे : यंत्राच्या स्वभावात बदल केला तर तो जाहीर करावा. आणि पाचवे, आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे : नियम लिहिताना आणि गुण ठरवताना ते काम प्रत्यक्ष करणाऱ्यांना बरोबर बसवावे. सांगडीतला सरावाचा भाग त्यांच्याच बोलण्यातून आलेला असतो; मग नियमांच्या भागात त्यांचा आवाज का नसावा?

यातली एकही मागणी तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. वही ठेवता येते, ती वाचून दाखवता येते, धोक्याच्या पर्यायावर झाकण घालता येते, हे आपण आताच पाहिले. जेथे हे होत नाही, तेथे कोणीतरी ते न करण्याचे ठरवलेले असते, किंवा कोणी ते मागितलेले नसते. तेव्हा पुढच्या खेपेस एखाद्या यंत्राने आपल्याला गोड आवाजात आश्वासन दिले, तर ते ऐकून घ्यावे, आणि मग एवढेच विचारावे : हे कोठे लिहिले गेले, आणि त्याखाली सही कोणाची?